मठ्ठा वाढू नका

सौंदड आणि आजूबाजूच्या गावांत लग्न जुळलं की मुलीचा बाप मांडववाल्याला सांगून सरळ चैतराम कापगतेच्या दारात येऊन उभा राहायचा. चैतराम आचारी. पन्नाशी उलटलेला, उंच, भट्टीवर वाकून वाकून खांद्यात थोडा पोक आलेला माणूस. त्याच्या हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे आणि कढी यांची आठवण लोक लग्न विसरल्यावरही काढत. त्याचा बाप स्टेशनावर हमाली करायचा. चैतराम पोरवयात लग्नांमध्ये गंज, म्हणजे मोठाली पातेली, घासायला जाऊ लागला, घासता घासता भट्टीपाशी सरकला आणि तिथेच आयुष्य गेलं. बायको सुशिलाबाई पुऱ्या लाटायला, मेव्हणा खुशाल तळायला, असा त्याचा घरचाच कारखाना.

त्याची एक रीत होती. पंगत बसायच्या आधी तो स्वतःचं एक पान वाढून घ्यायचा आणि यजमानाच्या देखत, भट्टीच्या बाजूला उकिडवा बसून, केलेला प्रत्येक पदार्थ खायचा. "पयले आचाऱ्याच्या पोटात जाऊ द्या, मंग पाहुण्यांच्या," असं म्हणायचा. त्यात थोडा दिमाख होता, पण खोटेपणा नव्हता.

त्या वैशाखात गुलाबचंदच्या मुलीचं लग्न होतं. गुलाबचंद धानाचा व्यापार करणारा, शब्दाला पक्का, पण चारचौघांत मान जपणारा माणूस. ऊन असं होतं की मांडवाचं कापडसुद्धा तापून वास मारत होतं. चैतरामच्या मनाला सकाळपासून एकच गोष्ट टोचत होती. त्याचं नेहमीचं दही कमी पडलं होतं आणि मठ्ठ्यासाठी एक कॅन बाहेरून मागवावा लागला होता. ते दही त्याने बोटाने चाखलं. आंबट होतं, पण उन्हाळ्यात दही आंबटच असतं. थोडं थांबला, पुन्हा चाखलं, आणि मग ओतलं.

नेहमीप्रमाणे त्याने आपलं पान खाल्लं. वडे, वांग्याची भाजी, भात, बुंदी, शेवटी पेलाभर मठ्ठा. गुलाबचंदने मान हलवली आणि पहिली पंगत बसली. पोरंटोरं, म्हाताऱ्या, वराकडची मानाची माणसं.

भात वाढून झाला तेव्हा चैतराम कढईपाशी उभा होता. बेंबीच्या वर, बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खाली, कुणीतरी आत हात घालून पीळ भरावा तसं झालं. आधी त्याला वाटलं, उसण भरली. पण कळ पाठीपर्यंत गेली आणि तिथेच रुतून बसली. त्याने मांडवाचा बांबू धरला. अंगाला घाम फुटला, तो भट्टीचा घाम नव्हता, गार होता.

"भाऊजी, काऊन? काय होऊन राहिलं?" खुशाल झारा टाकून धावला.

चैतरामच्या मनात पहिला शब्द आला तो 'दही'.

मठ्ठ्याची बादली घेऊन वाढपी निम्म्या पंगतीपर्यंत पोचला होता. चैतरामला दिसत होती एक लहान मुलगी, पेला पुढे करून बसलेली. ओरडावं तर लग्न नासतं. न ओरडावं तर... ते 'तर' त्याला पुरतं विचारवेना. पोटात दुसरी कळ उठली आणि तिच्यासोबतच त्याचा आवाज निघाला, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढा.

"मठ्ठा वाढू नका! वाढू नका गा मठ्ठा!"

एवढं बोलून तो खाली बसला आणि आडवा झाला.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पंगत उठली. अर्धी पानं तशीच राहिली. एका बाईने आपल्या पोराच्या घशात बोटं घालून त्याला ओकायला लावलं. कुणीतरी मठ्ठ्याचा ड्रम लाथेने आडवा केला आणि पांढरा ओघळ मांडवातून वाहत नवरदेवाच्या माणसांच्या चपलांपर्यंत गेला. "आचारीच पडला, तं जेवनात काय असन?" असं कुणी म्हणालं. ते त्याला स्पष्ट ऐकू आलं. गुलाबचंदचा चेहरा त्याच्यावर वाकलेला दिसला. त्या चेहऱ्यावर राग होता की भीती, ते कळलं नाही.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, वांती झाली का? नाही. संडास पातळ? नाही. "मग गॅस धरला असेल, नाहीतर खाण्यातलं काहीतरी," असं म्हणत त्यांनी इंजेक्शन दिलं. कळ तसूभर हलली नाही. चैतराम टेबलावर कधी कुशीवर, कधी गुडघे छातीशी घेऊन, कधी उठून बसत होता. कुठल्याच अंगावर आराम नव्हता. सुशिलाबाई पिठाच्या हातांनीच त्याची पाठ चोळत होती. तिला कळत होतं की हा माणूस साध्या दुखण्याने कण्हणारा नाही. उकळतं तेल हातावर उडालं तरी फुंकर मारून पुढे काम करणारा नवरा आज तिची बोटं मोडतील एवढी घट्ट धरून होता.

तिथून सडक अर्जुनीला, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे छातीचा ईसीजी काढला, तो बरा निघाला. रक्तदाब मात्र इतका चढलेला होता की नर्सने दुसऱ्या हाताला पट्टा बांधून पुन्हा पाहिलं. "बीपीची गोळी घेता का?" तिने विचारलं. कधीतरी गावातल्या शिबिरात गोळ्या मिळाल्या होत्या. संपल्या, बरं वाटत होतं, म्हणून पुढे घेतल्या नव्हत्या. डॉक्टरांनी वेळ न घालवता अँब्युलन्स बोलावली आणि गोंदियाला पाठवलं.

कोहमाऱ्याहून गोरेगावच्या रस्त्याने गाडी चालली होती. प्रत्येक गतिरोधकाला चैतराम दात आवळायचा. पण दातांच्या फटीतून तो एकच गोष्ट विचारत होता.

"खुशालले फोन लाव. इचार, कोनाले काही झालं का?"

सुशिलाबाईने फोन लावला. पलीकडून खुशालचा आवाज आला. "नाही बाई, कोनाले काही नाही झालं. एक बुढी ओकली, पन ते भेऊन ओकली. लगन लागलं. वराती मात्र रुसून बसले, जेवत नाही म्हन्ते."

"पाहत राय," चैतराम म्हणाला. "इख चढाले टाइम लागते."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा फोन लावायला सांगितला. मग पुन्हा. आपल्या पोटात जे चाललं आहे ते आत्ता आणखी कुणाच्या तरी पोटात सुरू होत असेल, ही भीती त्याला कळेइतकीच छळत होती.

गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात त्याला तपासायला आले ते डॉ. हिमांशू. तरुण, सडपातळ, गोंदियाच्या लोकांसारखे अर्धे हिंदीत बोलणारे. त्यांनी पोटावर हात ठेवला. वर, खाली, डावीकडे दाबून पाहिलं. दाबून सोडलं. मग थांबून चैतरामच्या तोंडाकडे पाहिलं.

"काका, दर्द कितना है?"

"साहेब, कापून काढा, पन थांबवा."

डॉक्टरांनी पुन्हा हात ठेवला. "पोट एकदम मऊ आहे," ते सोबतच्या नर्सला म्हणाले. "पोटात काही फुटलं असतं तर ते लाकडासारखं कडक लागलं असतं. हा माणूस तडफडतोय आणि पोट कापसासारखं. हे मला पटत नाही."

सोनोग्राफी झाली. पित्ताशय ठीक, मूत्रपिंड ठीक. रक्त तपासलं, स्वादुपिंडाला सूज नाही. एखाद्याने एवढ्यावर दुखण्याचं औषध देऊन सकाळची वाट पाहिली असती. डॉ. हिमांशूंना चैन पडेना. "रक्तवाहिन्या बघायच्या आहेत," असं सांगून त्यांनी शिरेतून औषध सोडून करायचं सीटी स्कॅन लिहून दिलं. ते औषध अंगात गेलं तेव्हा चैतरामला सगळीकडे ऊब पसरल्यासारखी वाटली आणि तो घाबरला, आता संपलंच.

स्कॅन पाहून डॉक्टर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता, पण गोंधळ गेला होता. ते स्टूल ओढून खाटेजवळ बसले.

"सापडलं. पोटात एक मोठी धमनी आहे, ती आतड्यांना रक्त पोचवते. तिच्या भिंतीला पदर असतात. तुमच्या धमनीचा आतला पदर आपोआप फाटलाय आणि रक्त दोन पदरांच्या मधे शिरलंय. त्यामुळे रक्ताची खरी वाट दबली."

चैतराम ऐकत राहिला. सुईमुळे दुखणं जरा बोथट झालं होतं. "म्हंजे पुरीचे पदर सुट्टे होऊन फुगते, तसं?"

"तसंच समजा. पुरी फुगली तर चांगली. ही फुगली तर वाईट."

"पन मी पडलो नाही, कोनी मारलं नाही."

"लागत नाही तसं काही. बीपी, तंबाखू यांनी भिंत कमजोर होत असेल. कधीकधी कारणच सापडत नाही. खर्रा खाता?"

चैतरामने सुशिलाबाईकडे पाहिलं. "खाते," तीच म्हणाली. "दिवसभर खाते."

"अन् दही?" चैतरामने विचारलं. हा प्रश्न त्याच्या जिभेवर दुपारपासून होता. "खराब दह्यानं असं होते का साहेब?"

"नाही. खाण्याने नस फाटत नाही. जेवल्यावर आतड्यांना जास्त रक्त लागतं, वाट दबलेली असली की ते पोचत नाही, म्हणून जेवणानंतर कळ वाढते. तुमच्या दह्यात काही नव्हतं."

चैतरामने डोळे मिटले. दह्यात काही नव्हतं. ती पेला धरलेली पोरगी ठीक होती, सगळेच ठीक होते. छातीवरचा दगड उतरला असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात दुसरा येऊन बसला. दह्यात काही नव्हतं, म्हणजे आपण भरल्या मांडवात उगाच ओरडलो. एका पोरीच्या लग्नाची पंगत उगाच उठवली.

"अभी एक ही डर है," डॉक्टर सुशिलाबाईला बाजूला घेऊन सांगत होते. "आतड्याला रक्त मिळणं बंद झालं तर आतडं मरतं. मग ऑपरेशन. सध्या थोडं रक्त जातंय. मी नागपूरच्या तज्ज्ञांना फोटो पाठवले. ते म्हणतात, लगेच चिरायची गरज नाही. तोंडाने काही द्यायचं नाही, आतड्यांना आराम द्यायचा, बीपी खाली ठेवायचं, रक्त गोठू नये म्हणून औषध द्यायचं. कळ वाढली किंवा पोट कडक झालं तर सरळ नागपूर. तिथे तारेने आतून जाळी बसवता येते. म्हणून एक गोष्ट पक्की, दुखलं की लगेच सांगायचं."

पुढचे दिवस नुसते वाट पाहण्याचे होते. थोड्या थोड्या वेळाने कुणी ना कुणी येऊन पोटावर हात दाबून जायचं. नर्सच्या कपाळाला आठी पडते का, हे सुशिलाबाई पाहत राहायची. कधी नर्स निघून गेल्यावर ती स्वतःच हळूच हात ठेवून बघायची, मऊ आहे ना. रक्त तपासायला नेलं की कागद येईपर्यंत तिला पाणी गोड लागत नव्हतं. आतडी उपाशी पडली तर रक्तात आम्ल वाढतं, असं तिने ऐकलं होतं. ते वाढलं नव्हतं. पण उद्या वाढेल का, हे ती येईल त्याला विचारायची.

ज्याने हजारोंना जेवू घातलं तो माणूस सलाईनवर पडून होता. शेजारच्या खाटेवरचा डबा उघडला की त्याला फोडणी कच्ची राहिली हे वासावरून कळायचं, पण भूक लागायची नाही. अन्नाचा विचार आला की तो कूस बदलायचा.

गुलाबचंद आला तो लग्नाचे पाहुणे पांगल्यावर. हातात शहाळी होती. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून त्याने विचारलं, "चैतराम, खरं सांग. दह्यात काय होतं?"

"काहीच नव्हतं भाऊ. माही नस फाटली होती पोटात."

"मंग वरडला काऊन? वरातीत माज्या तोंडाले कारं फासलं. पोरीची सासू अजूनही बोलून राहिली."

चैतराम कोपरावर उठायला गेला, सुशिलाबाईने त्याला दाबून धरलं. "मले का मालूम होतं भाऊ नस फाटली म्हून? मले वाटलं, दही. एक पोट्टी पेला घेऊन बसली होती. मी थांबलो असतो अन् तिले काही झालं असतं, तं तुमी आज शहाळी घेऊन आले असते का?"

गुलाबचंदने शहाळी खाटेखाली ठेवली. "पी," म्हणाला.

"त्याईले तोंडानं काही देत नाही," सुशिलाबाई म्हणाली.

"मंग तू पी, बाई. तुही तबेत पाह्य कशी झाली." एवढं बोलून तो गेला. राग गेला होता असं नाही. पण शिव्या द्यायला आलेला माणूस शिव्या न देता गेला होता.

कळ उतरत गेली. एके सकाळी डॉ. हिमांशूंनी तांदळाची पातळ पेज सुरू करायला सांगितली. सुशिलाबाईने घरच्या तांदळाची पेज करून आणली, मीठ बेतानं घालून. चैतरामने वाटीकडे असं पाहिलं की जणू तिच्यात साप आहे.

"नोको."

"डाक्टरनं सांगतलं."

"मालूम आहे. नोको."

तिने चमचा हातात धरून ठेवला. रागावली नाही, समजावलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने तोंड उघडलं. दोन चमचे गेले, चार गेले. मग तो पाठ करून झोपला. सुशिलाबाईला मात्र त्याचा चादर मुठीत आवळलेला हात दिसला.

"दुखून राहिलं?"

"नाही."

"मंग हात कायले आवळला?"

"असाच." मग तो पुटपुटला, "सांगू नको वो. नागपूरले नेऊन पोट फाडतील."

ती उठली आणि सरळ डॉक्टरांना घेऊन आली. चैतराम तिच्याकडे अशा नजरेने पाहत राहिला की तिला तिथेच रडू आलं, पण ती खाटेपासून हलली नाही. डॉक्टरांनी पोट तपासलं, रक्त पाठवलं, आणि बोलताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"काका, तिकडे मांडवात, जिथे गरज नव्हती तिथे ओरडलात. आणि इथे जिथे ओरडायला पाहिजे, तिथे गप्प?"

पुन्हा सीटी झालं. स्कॅनच्या खोलीबाहेर सुशिलाबाई जमिनीवरच बसली. आपण सांगितलं ते चुकलं का, आपल्यामुळेच आता त्याचं पोट चिरलं जाईल का, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. खुशाल जवळ येऊन बसला.

फाटलेली जागा वाढलेली नव्हती. रक्ताची खरी वाट आधीपेक्षा थोडी मोकळीच दिसत होती. "घाई केली आपण जेवणाची," डॉक्टर म्हणाले, आणि त्यात स्वतःलाही धरलं. पेज एक दिवस थांबवली, मग चमच्याचमच्याने परत सुरू केली. या वेळी चैतराम प्रत्येक घोटानंतर थांबून स्वतःच सांगायचा, "नाही दुखत." नंतर एकदा, "थोडं दुखलं, गेलं." डॉक्टरांना तेवढंच हवं होतं. नागपूरला जावं लागलं नाही.

घरी सोडताना गोळ्यांचं पाकीट आणि सूचना मिळाल्या. थोडं थोडं खायचं. बीपीची गोळी बरं वाटलं तरी सोडायची नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी डॉक्टर सांगतील तोवर. खर्रा बंद. जड गंज उचलायचे नाहीत. कळ आली तर गॅस समजून घरी बसायचं नाही.

त्या हंगामातल्या उरलेल्या लग्नांची माणसं आली आणि ओशाळून सांगून गेली की दुसरा आचारी पाहिला आहे. कुणी सांगायलाही आलं नाही. चैतराम चिडला नाही. ओट्यावर बसून जो थांबेल त्याला तो आपल्या नसेची हकीकत सांगायचा, पदर कसे सुटतात ते हाताने दाखवायचा. काहींनी ऐकलं. काहींनी मान हलवली आणि पुढे जाऊन म्हणाले, दही खराब होतं, आता नसेची गोष्ट सांगते. खर्रा सुटताना त्याने घरात भांडणं केली, एकदा चोरून खाल्लाही, आणि त्या दिवशी पोटात जरा गुरगुरलं तर दिवसभर घाबरून पडून राहिला.

दिवाळीनंतर कामं परत येऊ लागली, पूर्वीइतकी नाही. आता भट्टीजवळ त्याच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवतात. पहिल्या दिवशी त्या खुर्चीत बसायची त्याला लाज वाटली. खुशाल कढई उचलतो, चैतराम बसून मीठ सांगतो. त्याचा आवाज मात्र अजून अख्ख्या मांडवाला ऐकू जातो.

थंडीत तो पुन्हा स्कॅनला गोंदियाला गेला. सुशिलाबाई सोबत होती. आदल्या दिवसापासून दोघांनाही झोप नव्हती, पण कुणी तसं म्हणालं नाही. डॉ. हिमांशूंनी फोटो उजेडाकडे धरले. सुटलेला पदर भिंतीला परत चिकटत आला होता. एका जागी थोडा फुगवटा उरला होता. "हा असाच राहू शकतो. राहू दे. पण दर वर्षी बघायचं. वाढला तर मी सांगेन."

"वाढन का?" सुशिलाबाईने विचारलं.

"बहुतेक नाही."

'बहुतेक' हा शब्द तिने बस स्टँडपर्यंत नेला. सौंदडची बस लागायला वेळ होता. चैतरामला भूक लागली होती. तिने केळं सोलून अर्धं मोडून दिलं. त्याने ते सावकाश चावून खाल्लं आणि पोटावर हात ठेवून बसला. तीही त्याच्याकडे पाहत बसली. समोरून गाड्या येत होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. बराच वेळ गेला. काही दुखलं नाही. मग चैतरामने उरलेल्या अर्ध्या केळ्यासाठी हात पुढे केला.